चार नंबरची घंटा

१

गुरुवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी धाकट्या सिस्टर जेवून परत आल्या आणि त्यांनी औषधखोलीचं दार आत ढकललं. चार नंबर वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर खिडकीखाली फरशीवर पडल्या होत्या. इंजेक्शनचा ट्रे उपडा झाला होता, काचा सगळीकडे. फाटलेल्या ओठातून रक्त हनुवटीवर उतरलं होतं. डोक्याखाली मात्र कुणाचा तरी सदरा नीट घडी करून ठेवलेला होता.

धाकट्या सिस्टर पुढे झाल्या, तेवढ्यात मागे दार हललं. दाराआड कुणीतरी उभं होतं. उघड्या अंगाचा, हातांना रक्त लागलेला एक पेशंट.

"मधल्या मजल्यावर अडकलंय," तो म्हणाला. "घाबरू नका. दार उघडू नका."

धाकट्या सिस्टर किंचाळल्या. जेवणघरातला वाढपी, दारावरचा पहारेकरी आणि वॉर्डाचे मामा, असे तिघे धावत आले. त्यांनी पेशंटला खाली पाडलं, हात बांधले आणि टोकाच्या एकट्या खोलीत नेऊन टाकलं. तो जराही झटापट करत नव्हता. मोठ्या सिस्टरना गाडीत घातलं. गाडी फाटकापर्यंत पोचली तेव्हा त्या गेल्या होत्या.

त्या पेशंटला सगळे लिफ्टमन म्हणत. मनोरुग्णालयात येण्याआधी वीस वर्षं तो एका उंच इमारतीत लिफ्ट चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याचं डोकं फिरलं आणि त्याने आपल्या मेहुण्याचा हात मोडला. पण गेली चार वर्षं त्याची एकही तक्रार नव्हती. तो मोठ्या सिस्टरांचा पाण्याचा तांब्या भरायचा आणि येईल त्याला कितवा मजला, म्हणून विचारायचा. येत्या सोमवारी त्याची थोरली बहीण त्याला घरी न्यायला येणार होती. कागदांवर सह्याही झाल्या होत्या.

पोलीस येऊन पाहून गेले. वेड्या माणसावर काय खटला भरायचा, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. कर्मचाऱ्यांनी मात्र अधीक्षकांना सरळ सांगितलं. शनिवारी संध्याकाळपर्यंत लिफ्टमनला बंद विभागात पाठवा, नाहीतर रविवारपासून चार नंबरमध्ये कुणी पाऊल टाकणार नाही.

बंद विभाग आवाराच्या मागच्या टोकाला, उंच भिंतीपलीकडे होता. तिथे गेलेला माणूस परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्या संध्याकाळी अधीक्षकांनी बाईंना फोन केला.

२

बाईंनी एकतीस वर्षं त्याच आवारातल्या शाळेत नर्सिंग शिकवलं होतं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती आणि गुडघे बोलू लागले होते. तरी त्यांच्या हाताखालून न गेलेली नर्स त्या रुग्णालयात शोधून सापडली नसती. मोठ्या सिस्टर त्यांच्या सर्वांत हुशार विद्यार्थिनींपैकी एक.

"बाई, मला फक्त एक कागद हवाय," शुक्रवारी सकाळी अधीक्षक म्हणाले. "काय झालं, कसं झालं आणि कुणामुळे झालं."

"पहिल्या दोन गोष्टी सांगता येतील. तिसरीचं बघू."

"तिसरीच हवीय सगळ्यांना."

बाई आधी पहारेकऱ्याकडे गेल्या. त्याची खोली वॉर्डाला लागून होती. भिंतीवर लाकडी पेटी, तिच्यात घंटा, आणि काचेमागे वॉर्डातल्या खोल्यांच्या नंबरांच्या लहान पत्र्या. खोलीतलं बटण दाबलं की घंटा वाजायची आणि त्या नंबरची पत्री खाली पडायची. हाताने वर करेपर्यंत ती तशीच राहायची. औषधखोलीचा नंबरही चारच होता, म्हणून सगळे तिला चार नंबरची घंटा म्हणत.

"काल घंटा वाजली नाही, बाई," पहारेकरी म्हणाला. "वाजली असती तर मी काय बसून राहिलो असतो?"

"डुलकी लागली असेल तर सांग. मी रागावणार नाही."

"या खुर्चीत डुलकी लागते का, तुम्हीच बसून बघा."

बाई बसल्या. खुर्चीचा एक पाय तोकडा होता, ती लगेच एका अंगाला कलंडली. बाईंनी टेबल धरलं आणि त्यांचा विश्वास बसला.

"आणि पत्री?"

पहारेकऱ्याने खाली पाहिलं. "पत्री पडली होती. सगळं उरकून परत आलो तेव्हा दिसली. घंटा वाजल्याशिवाय पत्रीकडे कोण बघतं, बाई? मला वाटलं, आता बोललो तर माझ्यावरच यायचं."

"म्हणजे बटण दाबलं गेलं होतं. घंटा शेवटची कधी वाजली?"

"मंगळवारी अकराला. चाचणी. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांचा जबडा मोडला, तेव्हापासून हुकूम आहे. दर मंगळवारी मीच कळ दाबतो, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. एरवी आम्ही त्या वेळी पेशंटांना बागेत काढतो. या मंगळवारी बाग नळासाठी खणलेली, म्हणून सगळे आतच होते. काही कान धरून बसतात. काही सैरावैरा पळतात."

"तुझ्या खोलीत कोण कोण येतं?"

"सगळेच. चहा इथेच होतो."

बाईंनी त्याच्याकडून पेटीचं झाकण काढवून घेतलं. आतली पितळी वाटी चकचकीत होती. वाटी आणि तिच्यावर आपटणारी हातोडी यांच्यामध्ये पांढऱ्या गॉजची एक जाड घडी घट्ट बसवलेली होती. कडा आत दुमडलेल्या, एक धागा बाहेर नाही.

कुणीतरी घंटेच्या तोंडात बोळा कोंबला होता.

३

एकट्या खोलीत गादीशिवाय काही नव्हतं. लिफ्टमन भिंतीला पाठ लावून ताठ उभा होता. बाईंना पाहताच त्याने अदबीने विचारलं, "कितवा मजला?"

"तळमजला."

"मग लिफ्ट कशाला? चालत जा की."

"गुडघे दुखतात रे."

ही अडचण त्याला पटली असावी. तो बाजूला सरकला आणि गादीकडे बोट दाखवलं. बाई हळूहळू टेकल्या.

"सिस्टर कुठे अडकल्या?" त्यांनी विचारलं.

"मध्ये. ना वर, ना खाली. तांब्या घेऊन गेलो तर खिडकीशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, दिवा कुणी घालवला. दिवा तर चालू होता. मग बसल्या. बसल्या म्हणजे पडल्याच."

"मग तू काय केलंस?"

"जे करतात तेच." त्याने उजव्या हाताचा अंगठा वर केला. नख काळंनिळं झालं होतं आणि अंगठा सुजून दुप्पट झाला होता. "दाबायचं आणि दाबून धरायचं. बोट उचललं की वरच्यांना वाटतं, सुटले एकदाचे. प्रवाशाला एकटं टाकून जायचं नाही. दोन मजल्यांच्या मध्ये दार उघडायचं नाही. वीस वर्षांत माझ्या लिफ्टमध्ये कुणाला ओरखडाही गेला नाही."

"किती वेळ धरलंस?"

"कुणी आलंच नाही," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. लिफ्ट बंद आहे, असं सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

बाई तिथून औषधखोलीत गेल्या. दार आत ढकललं आणि खोलीकडे न बघता दाराच्या मागे वळून पाहिलं. चौकटीला लागून, खांद्याच्या उंचीवर, घंटेचं बटण होतं. दार उघडलं की ते पूर्ण झाकलं जायचं. बटणावर वाळलेल्या रक्ताचा एक ठसा होता, अंगठ्याएवढा.

लिफ्टमन दाराआड लपला नव्हता. तो मदत मागत होता. मोठ्या सिस्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडल्या होत्या. मारणारा माणूस पडलेल्याच्या डोक्याखाली सदरा घालत नाही आणि मारून झाल्यावर नख काळंनिळं होईपर्यंत पहारेकऱ्याला बोलावत नाही.

पण वॉर्डाच्या वहीत साडेबाराच्या फेरीपुढे दोन सह्या होत्या. एक मोठ्या सिस्टरांची, दुसरी मामांची. नियमच तसा होता, औषधखोलीत कुणी एकटं जायचं नाही. मामा जर तिथे होते, तर घंटा लिफ्टमनने का दाबावी?

४

मामा वॉर्डाचे सर्वांत जुने सेवक. बाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण बाईंसमोर अजूनही उभेच राहायचे.

"मी तिथेच होतो, बाई. जरा पाठमोरा होतो, एवढंच. वळलो तर सिस्टर खाली."

"मग बटण कुणी दाबलं?"

"मीच."

"कुठल्या हाताने?"

मामांनी हात पुढे केले. दहाही बोटं धडधाकट होती.

"किंकाळी ऐकून तू आलास, असं धाकटी म्हणते. पहारेकऱ्याच्याही मागून आलास आणि धापा टाकत होतास. दोन पावलांवर उभा होतास ना तू? मग एवढा दम कशाने लागला?"

मामांनी हात मागे घेतले. मग औषधांच्या रिकाम्या खोक्यावर बसले. बाईंसमोर ते पहिल्यांदाच बसले असतील.

"सहा नंबरला होतो," ते म्हणाले. "चार आणि सहा मिळून मी एकटाच मामा आहे. वर्ष झालं. सकाळी आलो की दोन्ही वह्यांत दिवसभराच्या सह्या करून टाकतो. सगळेच करतात. सह्या नसल्या तर विचारतात, सह्या का नाहीत. माणसं का नाहीत, हे कुणी विचारत नाही."

"म्हणजे ती एकटी होती."

"रोजच एकट्या असायच्या. मी तिथे होतो असं म्हणालो, कारण वही तसं म्हणत होती. वही खोटी म्हटली तर माझी नोकरी गेली, बाई. अजून दोन वर्षं राहिलीत."

"आणि त्यासाठी तू त्या लिफ्टमनला भिंतीपलीकडे पाठवणार होतास?"

"मी नाही म्हणालो त्याने मारलं. सगळे म्हणाले. मी फक्त गप्प बसलो."

"गप्पच बसलास, हो."

मामांनी रुमालाने तोंड पुसलं. बाईंना वाटलं होतं की आता हा माणूस रिकामा झाला असेल. पण मामा त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते. अजून काहीतरी त्यांच्या पोटात होतं आणि ते गुरुवारचं नव्हतं.

५

धाकट्या सिस्टर ड्रेसिंगच्या टेबलाशी गॉजच्या घड्या घालत होत्या. डोळे सुजले होते, हात मात्र चालू होते. बाईंनी शेजारी बसून एक घडी उचलली. कडा आत, धागा बाहेर नाही. शेवटचं टोक उजवीकडे खोवलेलं. बाईंनी आपल्या पर्समधली, घंटेतून काढलेली घडी तिच्याशेजारी ठेवली. तिचं टोक डावीकडे होतं.

"ही कुणाची, सांग बरं."

"मोठ्या सिस्टरांची. त्या डावखुऱ्या ना. त्यांच्या कात्रीने आम्हाला कागदसुद्धा कापता यायचा नाही." धाकट्या सिस्टर थबकल्या. "कुठे मिळाली, बाई?"

बाईंनी ती उचलून हातात धरली. "आठवडाभरात ती कशी होती?"

"बुधवारपासून डोकं दुखतंय म्हणत होत्या. दोनदा उलटी झाली. काल सकाळी औषधाच्या बाटलीवरचं नाव मला वाचायला लावलं. चष्मा बदला म्हटलं, तर म्हणाल्या, आता पुढच्या जन्मी. आणि अंबाडा खाली बांधायला लागल्या होत्या, कानावरून. मी चिडवलं त्यांना, कुणासाठी नटताय म्हणून." त्यांनी हातातलं गॉज खाली ठेवलं. "शेवटी त्यांचे केस मीच विंचरले, घरची माणसं यायच्या आत. डाव्या कानामागे केवढा डाग होता, बाई. निळा, आणि कडेने हिरवट झालेला. मेल्याने किती जोरात मारलं असेल."

बाईंनी घडी खाली ठेवली.

"डोक्याच्या मारावर धडा होता. कितव्या वर्षाला शिकवला होता मी?"

"दुसऱ्या."

"कानामागच्या डागाबद्दल काय शिकवलं होतं?"

धाकट्या सिस्टर पाठ म्हणावं तसं बोलू लागल्या. "डोक्याला आतून तडा गेला, की कानामागे डाग येतो. मार बसतो त्या दिवशी काही दिसत नाही. एक-दोन दिवसांनी..." त्या मध्येच थांबल्या.

"बोल. एक-दोन दिवसांनी काय?"

"दिसतो," धाकट्या सिस्टर पुटपुटल्या. "म्हणजे त्यांना काल कुणी मारलंच नाही."

काल कुणीच मारलं नव्हतं. मार आधीचा होता. आत रक्त थेंब थेंब साठत होतं आणि मोठ्या सिस्टर अंबाड्याखाली डाग लपवून फेऱ्या मारत होत्या.

बाईंनी कर्मचाऱ्यांच्या इजांची नोंदवही मागितली. वॉर्डात तिला रडगाण्याची वही म्हणत. साठ पुरुषांच्या वॉर्डात गेल्या आठ महिन्यांत एकही ओळ नव्हती.

"इथे कुणालाच लागत नाही वाटतं?"

"लागतं की. महिन्याला चार-पाच जणांना." धाकट्या सिस्टरांनी बाही वर करून दंडावरचा जुना चावा दाखवला. "लिहिलं की तीन वेळा बोलावतात आणि तीनही वेळा विचारतात, तू त्याला काय केलं होतंस. आणि पेशंटची रजा रद्द होते ती वेगळीच. मग कशाला लिहायचं?"

बाईंनी मामांना पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. सांगायलाच सुरुवात केली.

"मंगळवारी अकराला घंटा वाजत होती. बाग खणलेली, म्हणून सगळे आत होते. घंटा म्हणजे कुणीतरी अडकलंय. लिफ्टमन औषधखोलीकडे धावला आणि ती दारात उभी होती. बरोबर?"

मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मी सहा नंबरकडून येत होतो, लांबूनच पाहिलं. सिस्टर हात पसरून म्हणाल्या, अरे चाचणी आहे, काही नाही. त्याने दोन्ही हातांनी बाजूला लोटलं त्यांना. लोखंडी कपाटाचा कोपरा लागला. ठण्णकन आवाज झाला, बाई. उठल्या, पदराने डोकं दाबलं आणि मला म्हणाल्या, मामा, तुम्ही काही पाहिलं नाही. सोमवारी याची ताई येतेय. एक ओळ लिहिली तरी याचं जाणं राहील. मी म्हटलं, सोमवारच्या आत पुन्हा घंटा वाजली तर? तर म्हणाल्या, घंटेचं मी बघते."

घंटेचं त्यांनी खरोखरच पाहिलं होतं. बुधवारी चहाच्या वेळी केव्हातरी, स्वतःच्या हाताने घातलेल्या घडीने. सोमवारपर्यंत कुणी उगाच कळ दाबली तरी लिफ्टमन दचकू नये, म्हणून. सोमवारी ती काढून टाकायचा त्यांचा बेत असणार.

बाईंनी वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलेलं वाक्य त्यांना आठवलं. वॉर्ड शांत ठेवा, निम्मी मारामारी तिथेच संपते. आणि धागा बाहेर न काढता घडी कशी घालायची, तेही त्यांनीच शिकवलं होतं.

६

शनिवारी दुपारी बाई कागद घेऊन बसल्या. गुरुवारचं लिहिणं सोपं होतं. लिफ्टमनने कुणाला मारलं नाही, उलट चाळीस मिनिटं मदतीसाठी बटण दाबून ठेवलं. तिथेच थांबलं असतं तर सोमवारी तो घरी गेला असता.

पण मग मार कुठून आला, हे कागदावर कुठेच आलं नसतं. अधीक्षकांनी विचारलं नसतं तरी पुढच्या कुणी विचारलं असतं, आणि सगळ्यांच्या नजरा पुन्हा त्याच दाराआडच्या माणसावर वळल्या असत्या. शिवाय बाईंनी एकतीस वर्षं मुलींना एकच गोष्ट घोकवली होती, घडलं ते लिहायचं. एका मुलीने ते लिहिलं नाही आणि ती मेली. बाईंनी तीनदा लेखणी खाली ठेवली. चौथ्यांदा मंगळवारही लिहिला.

अधीक्षकांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे लोटलं त्यानेच."

"लोटलं घंटेने. तो मध्ये आला. तिच्याबरोबर दुसरं माणूस असतं तर त्याने त्याला अडवलं असतं. गुरुवारी दुसरं माणूस असतं तर घंटेची गरजच नव्हती. मंगळवारीच तिच्या डोक्याचा फोटो काढला असता तर आज ती जिवंत असती. मी खाली तीन ओळी लिहिल्यात. प्रत्येक वॉर्डात दोन माणसं. नोंद करणाऱ्याला उलटे प्रश्न विचारायचे नाहीत. आणि ते चाचणीचं मिनिट बंद."

"बाई, माणसं माझ्या हातात नाहीत. वरून येत नाहीत. घंटा माझ्या हातात आहे." ते खरंच हतबल दिसत होते. "मोठी बसवतो. आत काही कोंबता येणार नाही अशी. आणि चाचणी बंद केली आणि उद्या कुणाला काही झालं, तर मला फाडून खातील."

"आणि तो?"

"गुरुवारचं त्याच्यावर नाही, तर भिंतीपलीकडे पाठवत नाही. कर्मचाऱ्यांना मी समजावतो. बहीण नेत असेल तर जाऊ दे घरी. पण कागद तिला वाचायला द्यावा लागेल. सही तिची आहे."

खोट्या सह्यांबद्दल मात्र कुणाला तरी शिक्षा होणं भाग होतं. मामांना त्याच संध्याकाळी घरी बसवलं. चार आणि सहा मिळून जो एक मामा होता, तोही राहिला नाही.

सोमवारी ताई आल्या. साठीच्या, हातात नव्या सदऱ्याची पिशवी. त्यांनी कागद सावकाश, बोट फिरवत वाचला. गुरुवारच्या ओळींना मान डोलावली. मंगळवारच्या ओळींवर बोट थांबलं.

"मुद्दाम नाही केलं त्याने," बाई म्हणाल्या.

"यांचा हात मोडला तेव्हाही मुद्दाम नव्हतं केलं." ताईंनी कागदाची घडी घातली. "बाई, घरी सून बाळंतीण आहे. वीस दिवसांचं लेकरू पाळण्यात आहे. समोरच्या शाळेची घंटा दिवसातून आठ वेळा वाजते. तुम्ही माझ्या जागी असतात तर नेलं असतं?"

बाईंनी पाण्याचा पेला ताईंपुढे सरकवला.

"त्या सिस्टर मला म्हणाल्या होत्या, घेऊन जा, चांगला झालाय," ताई म्हणाल्या. "त्यांनी हे सांगितलं नाही ते बरं केलं असं म्हणू, की वाईट केलं म्हणू? मला काही कळत नाही." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "सदरा त्याला द्या. त्याचा तिकडे खराब झाला म्हणे. मी भेटत नाही. भेटले तर घेऊन जाईन."

७

मंगळवारी अकराला नवी घंटा वाजली. बाग अजून खणलेलीच होती. आवाज एवढा मोठा होता की खिडकीची तावदानं थरथरली. कोण पलंगाखाली शिरलं, कोण भिंतीवर डोकं आपटू लागलं. बाई लिफ्टमनच्या पलंगावर त्याचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. नव्या सदऱ्यातला लिफ्टमन थरथरत होता, पण उठला नाही. काळं नख अजून गळून पडलं नव्हतं.

"कुणीतरी अडकलंय, बाई."

"हो."

"मग आपण जायचं नाही?"

"नाही रे. दोघं असलो की एकाने धरून बसायचं असतं," बाई म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी आपण इथे नसू, हे त्यांनी त्याला सांगितलं नाही.

मिनिट संपलं. पलीकडे धाकट्या सिस्टर एका तरुण पेशंटला एकट्याच आवरत होत्या. त्याचं कोपर मागे आलं आणि त्यांच्या कानाच्या वर बसलं. आवाज बाईंपर्यंत आला. पेशंट शांत झाल्यावर बाई उठल्या, रडगाण्याची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि वही धाकट्या सिस्टरांपुढे धरली.

"लिही."

"काही लागलं नाही, बाई. नुसता धक्का."

"मी आवाज ऐकला."

धाकट्या सिस्टरांनी त्या तरुणाकडे पाहिलं. तो हात जोडून कोपऱ्यात बसला होता. "शुक्रवारी त्याची रजा आहे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आई न्यायला येतेय. पहिल्यांदाच."

"डोकं दुखलं तर लगेच सांगशील?"

"सांगेन की."

बाई वही धरून उभ्या राहिल्या. धाकट्या सिस्टर हात धुवायच्या मोरीपाशी गेल्या, तिथल्या लहानशा आरशात त्यांनी पाहिलं, अंबाडा सोडला आणि जरा खाली, कानावरून, पुन्हा बांधला.